खलाशी आधी चालतो

वागळे इस्टेट, ठाणे
बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांना सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. आईच्या गुडघ्याचं औषध वैशालीवहिनीकडे दिलंय. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते. रविवारी काय झालं ते आधी क्रमानं:

१. सकाळी ८.४० ला मासळीच्या दोन होड्या खाडीतून जायच्या होत्या. रत्नदीपदादानं पूल उचलला.
२. ८.५२ ला पूल खाली टाकला. साखळीमागे साठेक माणसं, सात दुचाक्या थांबलेल्या.
३. नियम असा, की पूल टाकल्यावर तो चालवणाऱ्या खलाशानं आधी एकट्यानं चालत जायचं, टोकाची पिन बसलीय का बघायचं, मगच साखळी काढायची. दादा चालला नाही. साखळी काढली.
४. मी तपासणीसाठी कळव्याच्या टोकाला होते. पिन चार सेंटिमीटर बाहेर होती. मी पुलावर जाऊन आडवी उभी राहिले.
५. कुणाला लागलं नाही. पूल बंद केला.

लोक चिडले होते. एक जण म्हणाला, "मॅडम, सेल्फी नंतर काढा." दादा केबिनमधूनच ओरडला, "अगं, इतकी वर्षं बसतेय ती पिन, आजच रुसली का?"

सोमवारी आईचा फोन आला. "अहवालात फक्त पिन खराब होती असं लिही. रत्नदीपच्या पोटावर पाय देऊ नकोस." मागून दादा म्हणाला, "इंजिनियर झाली ती पुलाच्याच पगारावर, विचार तिला." खरं आहे. त्या पगारासाठी तुम्ही खलाशी असताना रोज किती वेळा चाललात तेही मला माहीत आहे. पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा कुबडी घेऊन चाललात. लोक शिव्या देत थांबले होते आणि मी त्यांच्यात शाळेचं दप्तर घेऊन उभी होते. मला लाज वाटली होती, तुम्ही हळू चालता म्हणून.

आता राहिलेलं. पिन झिजलीय हे मला १६ सप्टेंबरलाच कळलं होतं. तेव्हाच पूल बंद करायला हवा होता. नवरात्र तोंडावर होतं, लोकांनी दादाला धरलं असतं. तो दर वेळी चालून बघेल, तुमचा मुलगा आहे, असं मी गृहीत धरलं. मोजलेलं माप वहीत होतं आणि मी एकोणीस दिवस गप्प बसले.

हे अहवालाच्या पहिल्या पानावर आहे, माझ्या नावानिशी. माझी चौकशी होईल. होऊ दे. पण स्वतःचं लिहून दादाचं गाळणार नाही. तुम्ही सांगितलंत तरी नाही, दिवाळीला घरात घेतलं नाहीत तरी नाही. पूल पुन्हा सुरू होईल तेव्हा त्यावर जो कुणी असेल, त्यानं आधी चालायचं. हे मला तुम्हीच शिकवलंत, आता तुमच्यासाठी विसरता येणार नाही.

रविवारी तुम्ही पुलासमोरच्या ओट्यावर होतात. साखळी निघाली तशी तुम्ही उठून उभे राहिलात, मी पाहिलं.

दादा चालला की नाही, एवढंच दोन ओळींत लिहा आणि सही करा. दिसलं नाही असं लिहिलंत तर तेही जसंच्या तसं जोडेन. अहवाल मंगळवारी जातोय. तुमचं उत्तर सोमवार, १३ ऑक्टोबरपर्यंत मला मिळावं.

तुमची मुलगी,
प्रियांका