बसलेल्या पोरींचा खेळ

१० जानेवारी १९३८, धुळे

खेळाचा तास म्हणे! तीस पोरी, त्यांतल्या सव्वीस भिंतीला टेकून बसलेल्या. रुपचंद मास्तर शिट्टी फुंकतात — पकडली गेलीस? बस खाली! लता रोज पहिली बाद. अंगानं जाड, लगेच धाप लागते. म्हणजे जिला धावायची गरज, तीच तासभर माती उकरते. वा रे कसरत!

शाळेचे रांजण भरता भरता मी म्हटलं, "मास्तर, बसलेल्या पोरीला कसला व्यायाम?"

"अक्का, तुम्ही पाण्याचं बघा."

बघते. पाणी निदान हलतं तरी.

१२ जानेवारी

पुढच्या गुरुवारी तपासनीस बाई येणार. पोरी बसलेल्या दिसल्या तर खेळाचा तास बंद, त्या जागी शिवण. हेडबाईंनी बजावलं. मास्तरांनी काय बदललं? शिट्टी! नवी, पितळी.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारी हळदीकुंकू. मी घरात, पुस्तक घेऊन. हे गेल्यावर एकटीनं बाराखडी गिरवली, ती अशा दिवसांसाठीच.

१७ जानेवारी

सांगायचं नव्हतं, तरी मास्तरांना सांगितलं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आलेल्या आम्ही पोरी नदीच्या वाळूत रेघ मारून दोन गावं करायचो. पकडलेली बसायची नाही — ती पकडणारीच्या गावची व्हायची, अन् लगेच दुसरीला धरायला धावायची. खेळ संपेपर्यंत कुणी टेकत नसे.

मास्तर हसले. "अक्का, हे शास्त्रशुद्ध नाही."

शास्त्र! मुंबईहून मागवलेल्या त्यांच्या पुस्तकाची पानं अजून कापून उघडलेलीही नाहीत.

१९ जानेवारी

मैदानावर चुन्याची रेघ! मास्तर हेडबाईंना सांगत होते, "माझी नवी पद्धत आहे." माझी! लता धावत होती म्हणून मी भांडले नाही. पोरीनं चार वेळा गाव बदललं. तिला मात्र एकही पोर धरता आली नाही.

आखाजीच्या तोंडावर हे गेले, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून रेघेच्या आत माझा पाय नाही. विधवेला कुठलं गाव!

२० जानेवारी

तपासनीस बाई खुर्चीत बसलेल्या, अन् एक पोर तापानं घरी. एका गावात पंधरा, दुसऱ्यात चौदा. मास्तरांना घाम. "अक्का, या ना!" घागर ठेवली. पदर खोचला.

खेळाचा तास वाचला.

मी मुद्दाम हळू धावले नाही. तरी लतानं गाठलंच. पाठीत धपाटा घालून घरच्या अहिराणीत शाळाभर ओरडली, "अक्का आमना गावनी शे!"