नकाशावरचं पांढरं राज्य

न्यूनेन, रविवार

प्रिय सलोनी,

मेतकुटाच्या डब्याबरोबर विशाखामावशीने हे कागद तुझ्या हातात दिले असतील. आईने कृती पाठवलीय, असंच ती म्हणाली असेल. सावकाश वाच आणि चेहरा हसरा ठेव. मधूनमधून मान डोलाव. तुला जमेल. शाळा बुडवायची म्हणून आपल्या त्या उंच हाउसआर्ट्सबाईंपुढे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरपुढे, पोटदुखीचं नाटक करून तू औषधसुद्धा लिहून घ्यायचीस, डॉक्टरीणबाई बिचाऱ्या दर वेळी फसायच्या.

इकडे सगळं तसंच आहे. बाबा दर रविवारी शेडमधून तुझी सायकल काढतात, दोन्ही चाकांत हवा भरतात आणि परत आत ठेवतात. कोण चालवणार आहे, असं विचारलं तर न ऐकल्यासारखं करतात. मी मात्र बरी नाही. जुलैपासून घास उतरत नाही, आणि का ते तुला ठाऊक आहे.

माझ्या कामावर तू किती हसायचीस! पुण्याच्या बाईने इकडे युरोपात, आइंडहोवनमध्ये बसून अमेरिकेतले खून मोजायचे. अकरा वर्षं तेच केलं मी. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या प्रत्येक वर्षाचे, राज्याराज्यांतले पोलिसांचे आकडे साफ करून नकाशे काढले. दक्षिणेतले आकडे पहिल्यापासून चढे. एकोणीसशे साठनंतर उत्तरेकडची मोठी शहरं चढली, नव्वदनंतर उतरली. आणि पार वरच्या कोपऱ्यातली ती चिमुकली राज्यं आकड्यांत कायम तळाला. माझ्या भिंतीवर दक्षिण गडद लाल होती आणि न्यू हॅम्पशायर जवळजवळ पांढरं.

त्या नकाशावर मी तुझं लग्न ठरवलं. पत्रिका जुळवणाऱ्यांना जन्मभर हसले आणि स्वतः राज्य जुळवलं. श्रेयस तुला आवडला होता, पण त्याची नोकरी त्या लाल दक्षिणेत, टेनेसीत. त्याच्या शहराचा सत्तर वर्षांचा आलेख छापून मी तो तुझ्या ताटाशेजारी ठेवला होता. तू जेवण टाकून उठलीस. बाबा म्हणाले, अगं मुलगा बघ, नकाशा काय बघतेस. त्यांना मी म्हटलं की तुम्हाला यातलं काही कळत नाही. मग रणजितचं स्थळ आलं. न्यू हॅम्पशायरमधल्या त्याच्या गावात वीस वर्षांत एकही खून झालेला नव्हता. तेवढं बघितलं आणि मी पेढे वाटले. मुलाला चारदाच भेटलो होतो, तेही व्हिडिओवर.

फेब्रुवारीत तू म्हणालीस की तो फार चिडतो. तुला पुढे काहीतरी सांगायचं होतं, मला ते ऐकू आलं होतं, सलोनी. तरी मी म्हणाले, थोडं सांभाळून घे, कामाने दमत असेल. ते वाक्य मी आज परत घेते. माझ्या आईने मला तेच सांगितलं होतं आणि माझं निभावलं, कारण माझ्या वाट्याला तुझे बाबा आले. त्यात माझी काही अक्कल नव्हती. त्या दिवसानंतर तू मला काही सांगायचंच सोडलंस. चूक तुझी नव्हती.

जुलैच्या उकाड्यात तू व्हिडिओवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसली होतीस. केस मागे सारताना बाही सरकली. जिन्यावरून पडले, म्हणालीस. जिन्याला चार बोटं नसतात गं.

दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन मी सगळ्यात जुनी फाइल उघडली. मूळ नोंदींत एक रकाना असतो, मेलेल्याचं आणि मारणाऱ्याचं नातं काय ते लिहायचा. तो बऱ्याच जागी कोरा असतो, म्हणून पहिल्याच वर्षी मी तो काढून टाकला होता. आमच्या कामात तशी रीतच आहे, अर्धवट भरलेला रकाना ठेवला की गणित बिघडतं. तो मी परत जोडला आणि फक्त बायकांच्या ओळी वाचत गेले. नवरा. नवरा. आधीचा नवरा. मित्र. नवरा. दक्षिणेत तेच आणि उत्तरेत तेच. पांढऱ्या राज्यात ओळी मोजक्या, पण त्यातही नवरा होताच. मी तुला रस्त्यांची भीती घालत बसले, घराकडे बघितलंच नाही. ज्या अजून जिवंत आहेत, त्यांची तर त्या फाइलीत ओळही नाही. तुझी ओळ तिथे लिहिली जायला नको, म्हणून मी आज तुझ्या पाया पडते.

आता हे कागदावर का, ते ऐक. गेल्या मंगळवारी आपण बोलत होतो, रणजित ऑफिसात होता, तू स्वयंपाकघरात एकटी. दूध उतू चाललं आणि वरून कुठून तरी त्याचा आवाज आला, गॅस बंद कर. मी दचकले, तू दचकली नाहीस. तो ऑफिसात बसून कॅमेऱ्यातून बघतो, ऐकतो, आणि तुला त्याची सवय झालीय. म्हणून फोन नाही, मेसेज नाही, आणि विशाखाही तोंडाने काही बोलणार नाही. त्याला मराठी कळते, पण वाचता येत नाही. शनिवारी शनिवारी रडवून तुझ्याकडून बाराखडी गिरवून घेतली, ती आज कामी येऊ दे. पोलिसांना कळवू या, असं बाबा म्हणत होते. पण मी तुला ओळखते, तू दारात हसून काही नाही म्हणशील, आणि ते गेले की घरात तुम्ही दोघंच उराल. बाबा दारात दिसले असते तर तो दहा मिनिटांत घरी आला असता. विशाखा दर महिन्याला येते, तिचं त्याला काही वाटत नाही. आता ती म्हणेल, लोणच्याची बरणी गाडीत राहिली, जरा चल. तू जा. पर्स नको, फोन ओट्यावरच राहू दे. पासपोर्ट त्याच्या कपाटात असला तर असू दे, वकिलातीतून परतीचे कागद मिळतात, मी विचारून ठेवलंय. हे पत्र बाबांनीच आणलंय, ते बॉस्टनला विशाखाच्या घरी तुझी वाट बघत बसलेत. इथे आलीस की मला हवं ते बोल, जन्मभर बोल, मी ऐकेन. आता एकदा मान डोलाव, कागद घडी करून खिशात घाल आणि चपला घाल.

तुझीच, चुकलेली,
आई