निवड कशी केली ते सांगा

३ जुलै २०२४
आज दीनानाथ सरांचं तोंडही बघावंसं वाटेना. पीएच.डी.चा गाईड म्हणे! सहा वर्षं घाटंजीहून यवतमाळला एसटीने जाते, आणि हा माणूस मला दारातच उभं ठेवतो.

मी एवढंच विचारलं — सर, तुमच्या पेपरातल्या लेमात, म्हणजे त्या साहाय्यक प्रमेयात, प्रत्येक बिंदूवर सारख्या मितीच्या दोन व्हेक्टर स्पेस आहेत. त्यांना जोडणारा मॅप हवा, लांबी आणि कोन जसेच्या तसे ठेवणारा. असे मॅप ढीगभर असतात. तुम्ही लिहिलंय, 'प्रत्येक बिंदूवर एक निवडा.' पण या सगळ्या निवडी मिळून मेझरेबल, म्हणजे मोजमापाच्या नियमांत बसणाऱ्या आहेत, हे कुठे दाखवलंय? मनाला येईल तशा निवडल्या तर पुढचं इंटिग्रल घेताच येत नाही.

"निवडा म्हटलं की निवडायचं!" मग हसून, "तुम्हा लोकांना भांडणाशिवाय करमत नाही का हो, उर्वशीबाई?"

तुम्हा लोकांना. कोणाला, ते मी विचारलं नाही. थुंकावंसं वाटलं.

४ जुलै
आईला सांगून पाहिलं. "सगळ्याईले जोडीदार भेटला ना? मंग तू कायले तणतण करून राह्यली?"
भेटला गं. पण कोणत्या नियमाने, ते सांगता यायला हवं.
"मास्तरले नसन सांगता येत," आई म्हणाली.

१९ जुलै
झालं! दोन्हीकडे मेझरेबल व्हेक्टरांची एक रांग घ्यायची आणि ग्रॅम-श्मिटची रीत लावायची, प्रत्येकाला त्याच्या लांबीने भागत. एकमेकांशी काटकोनात असलेला पाया तयार. इकडचा पहिला तिकडच्या पहिल्यावर, दुसरा दुसऱ्यावर. कोणाची मर्जी उरलीच नाही!

२२ जुलै
सरांना एक मिनिट लागलं. "आणि पहिला व्हेक्टर काही बिंदूंवर शून्य असला तर? शून्याने भागणार? बी.एस्सी.च्या पोरी करतात असल्या चुका."
खरं होतं. त्यांचीच चूक मी केली — सगळीकडे चालेलच असं धरून बसले. बसमध्ये रडले. त्यांचा राग आलाच, स्वतःचा जास्त.

२३ जुलै
जिथे शून्य येईल तिथे तो सोडून पुढचा घ्यायचा. कुठे कुठे सोडला, ते संच मेझरेबलच असतात. एवढंच तर होतं!

९ ऑगस्ट
सरांनी सिद्धता दोनदा वाचली. चूक सापडली नाही. मग बोट माझ्या प्रबंधातल्या त्रेचाळिसाव्या पानाच्या तळटीपेवर — 'मूळ पेपरातील सिद्धता येथे अपुरी आहे.'
"ही काढा. मग सही."
"सर, खरं आहे ते."
"नोंदणीची मुदत चौदाला संपते. तेही खरं आहे."

१३ ऑगस्ट
काढली.

१४ ऑगस्ट
सही झाली, प्रबंध जमा केला. "शहाण्या आहात," म्हणाले. कानाखाली बसावी तसं वाटलं. मी घाटंजीच्या शाळेत गणित शिकवते; पोरींना वर्गात सांगते, घाबरून चुकीला बरोबर म्हणू नका. आता कोणत्या तोंडाने शिकवू? त्यांचा द्वेष करणं सोपं आहे. पण पान मी स्वतःच्या हाताने बदललं.

११ फेब्रुवारी २०२५
तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "हा लेमा सरांच्या पेपरात आहेच की. तुम्ही परत कशाला सिद्ध केला?"
माझ्या आधी सरच बोलले, "सरावासाठी दिला होता त्यांना."
मी खडू उचलला. सरांची 'प्रत्येक बिंदूवर एक निवडा' ही ओळ फळ्यावर जशीच्या तशी लिहिली. म्हटलं, "हे चूक आहे, म्हणून."
निकाल राखून ठेवलाय. सडकून भूक लागलीय.