दिपालीच्या नावापुढचा शेरा

बीड,
५ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

तुला आणि शिवकन्या वहिनींना नमस्कार. इकडे सगळं बरं आहे. आबांचा गुडघा थंडीत धरतो, तरी मेंढ्यांमागे जायचं काही सोडत नाहीत. कळप सध्या नांदूरघाटच्या अलीकडे, तूर निघालेल्या एका रानात बसवलाय. या महिन्यात अकरा कोकरं झाली. आई तुझी रोज आठवण काढते. मी काढत नाही.

पत्र बघून नवल वाटेल. पण फोन तू उचलत नाहीस. दिवाळीत तुझ्या साहेबांसमोर मी आबांच्या मेंढ्यांचं बोलले आणि तू त्यांना ‘वडील बागायतदार आहेत’ असं सांगून बसला होतास, तेव्हापासून माझा नंबर तू बंदच करून टाकलास. मेल केला असता, पण मेलचंच तर सगळं रडगाणं आहे. म्हणून हे रजिस्टर पोस्टाने पाठवतेय. पोचल्याची पावती माझ्याकडे येईल. ‘मिळालंच नाही’ म्हणायची सोय तुला राहणार नाही.

तीन वर्षांपूर्वी तू आमच्या संस्थेत सर्व्हर बसवून दिलास आणि तुझ्याच शब्दावर मला तिथे कॉम्प्युटरच्या कामाला घेतलं. तेव्हा मेल आत यायचे, पण आपण पाठवलेले बाहेर कुणी घेत नव्हतं. संस्थेच्या नावाने मेलची रीतसर सेवा घ्यायला हवी होती. कार्यालयात त्याची चालढकल चालली होती. तू म्हणालास, ‘मी बघतो ना बरोबर.’ आणि बघितलंस ते काय, तर तुझ्या कंपनीच्या खात्याचा पासवर्ड आमच्या सर्व्हरमध्ये घालून दिलास. तीन वर्षं संस्थेचं प्रत्येक पत्र तुझ्या कंपनीच्या दारातून बाहेर जात होतं. हे तुला माहीत आणि मला माहीत. तिसऱ्या कुणालाही नाही.

सहा जानेवारीला तुमच्या कंपनीने सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावले. तू बदललास. बीडला एक शब्द कळवायचं तुला सुचलं नाही.

आठ तारखेला मी रुग्णसेविका वर्गाच्या चोवीस मुलींना निवडीची पत्रं पाठवली. पडद्यावर ‘पाठवले’ असं आलं, मी रजिस्टरवर खुणा केल्या आणि निवांत चहा प्यायले. ‘पाठवले’ म्हणजे आपल्याच सर्व्हरने पत्र हातात घेतलं, पुढे गेलं असं नव्हे, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. दहा तारखेला एक मुलगी कार्यालयाबाहेरच्या फलकावर नाव बघून आत आली आणि म्हणाली, मेल काही आला नाही. तेव्हा मी उघडून बघितलं. चोवीसच्या चोवीस पत्रं रांगेत अडकून पडलेली.

मग मी काय काय केलं ते ऐक. इंटरनेटवाल्याशी भांडले, त्याचा काही दोष नव्हता, नंतर त्याची माफी मागितली. पोर्ट बदलला. फायरवॉल पाच मिनिटं बंद करून बघितली. शेवटी लॉग, म्हणजे सर्व्हर स्वतःच ठेवतो ती नोंद, वाचायला घेतला, तर ओळीमागून ओळ एकच तक्रार: पासवर्ड चुकीचा. त्या एका दिवसात तुला नऊ फोन केले. आबांच्या फोनवरून आणखी दोन. तू बैठकीत असशील, गाडी चालवत असशील, असं मीच मनाला समजावत बसले.

परवा वहिनींशी बोलले, तेव्हा त्या हसत म्हणाल्या, ‘अहो ताई, हे सांगत होते, बीडचं मशीन रोज येऊन दार वाजवतंय म्हणून.’ त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. पण तुला ठाऊक होतं, दादा. चुकीच्या पासवर्डने कुणीतरी आत येऊ बघतंय, अशा सूचना तुला रोज येत होत्या, आणि त्या वाचून तू जेवायला बसत होतास.

चोवीसपैकी तेवीस मुली आजूबाजूच्या. फलक बघून त्या वीस तारखेच्या मुदतीत येऊन हजर झाल्या. चोविसावी दिपाली. ती आईबापांबरोबर कर्नाटकात ऊसतोडीला गेलेली. निवड फक्त मेलने कळवू, असं आम्हीच माहितीपत्रकात छापलंय. ती पोर तोडीवरून आल्यावर रोज कारखान्याच्या गेटपर्यंत चालत जायची, कारण रेंज तिथेच, आणि मेल बघायची. गावच्या कुणीतरी फलकावर नाव होतं असं सांगितलं, तेव्हा माय-लेकी सोमवारी इथे आल्या. तोवर तिची जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलीला देऊन झाली होती.

तिची आई दगडाबाई माझ्या टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, “बोर्डावर नाव व्हतं म्हनत्यात. मग कावून घेतलं न्हाई आमच्या पोरीला?” दिपाली एवढंच बोलली, “मॅडम, मी रोज बघितला. एक दिस सुदिक चुकवला न्हाई.”

चौदा तारखेला समितीची बैठक आहे. सचिव विजयसिंह साहेबांचं म्हणणं असं की, चूक संस्थेकडून झाल्याचं सिद्ध झालं तर एक जागा वाढवता येते. मुलीनेच मेल बघितला नाही असं ठरलं तर नाही. सर्व्हरवरचा लॉग आता पुसला गेलाय. पुरावा आहे तो फक्त तुझ्याकडे, त्या रोजच्या सूचनांचा. त्या छापून पाठव आणि सोबत चार ओळी लिही: खातं माझं होतं, सहा तारखेला पासवर्ड बदलला, म्हणून त्यानंतरचं एकही पत्र गेलं नाही. खाली सही कर. एवढंच मागतेय.

रागावू नकोस असं लिहिणार नाही. खुशाल रागाव, पण सही कर.

बबिता

◆

नांदूरघाट,
९ फेब्रुवारी २०२५

दादा,

पत्र पोचल्याची पावती आली. तुझी सही नाही आली. आबांच्या फोनवर मात्र तुझा निरोप आला. आबांना वाचता येत नाही हे तुला माहीत असून तू लिहूनच पाठवलास. रविवार म्हणून मी कळपावर आले होते, तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, परमेश्वरचा दिसतोय, वाच. मी मोठ्याने वाचला: ‘बबिताला सांगा, मशीन तिच्या ताब्यात होतं. त्या मुलीला एक फोन करायला काय झालं होतं? माझं नाव कुठे घेऊ नको म्हणावं, नोकरी जाईल माझी.’

वाचता वाचता अंगाची लाही झाली. फोन वाघरीत, मेंढ्यांच्या जाळीच्या कुंपणात, फेकून द्यावा असं वाटलं. तुझी नोकरी जाईल. आणि ती पोर परत कोयता घेऊन फडात गेली, तिचं काय गेलं ते तू लिहिलं नाहीस. नऊ फोन न उचलणारा माणूस मला विचारतो, एक फोन का केला नाहीस.

तुला लिहायला म्हणून दोन कागद भरले आणि फाडले. त्यात सगळ्या शिव्या होत्या आणि सगळ्या खऱ्या होत्या. पण तुझा तो एक प्रश्न काही फाटेना. म्हणून आता लिहिते. आधीच्या पत्रात दोन गोष्टी मी लिहिल्या नव्हत्या.

पहिली. रांग मी रिकामी केली. कुठल्याशा साइटवर लिहिलं होतं की अडकलेली रांग पुसून सर्व्हर नव्याने सुरू करा म्हणजे मेल सुटतील. मी ती आज्ञा तशीच्या तशी उतरवून टाकली. चोवीस पत्रं गेली, म्हणजे कायमची गेली. मेल तर तरीही सुटले नाहीत. पुढे बावीस तारखेला मी विजयसिंह साहेबांच्या मागे लागून संस्थेच्या नावाने नवं खातं काढून घेतलं, सर्व्हरमध्ये घातलं, आणि पहिलं चाचणीचं पत्र गेलं. त्यांना एवढंच सांगितलं, जुनं खातं बंद पडलं. कुणाचं, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट लिहायला जड जातेय. वीस तारखेला संध्याकाळी हजेरीची यादी माझ्यासमोर होती. तेवीस नावांपुढे सह्या. दिपालीच्या नावापुढची जागा मोकळी. शेजारी तिच्या चुलत्याचा फोन नंबर होता, दहा आकडे, स्वच्छ वाचता येतील असे. मला ठाऊक होतं की तिला पत्र गेलेलं नाही. जगात फक्त मला आणि तुला ठाऊक होतं. फोन केला असता तर तिने विचारलं असतं, मेल का आला नाही. मग साहेबांनी विचारलं असतं. मग तुझ्या कंपनीचं खातं निघालं असतं, आणि मी तीन वर्षं गप्प होते तेही निघालं असतं. मी पेन उचललं आणि तिच्या नावापुढे लिहिलं, ‘गैरहजर’. माझ्या हाताने. अक्षर सुद्धा चांगलं काढलं.

तुझ्यासाठी केलं असं मी स्वतःला सांगत होते. तुझ्यासाठी नव्हतं. मी भ्याले होते.

आबांना सगळं सांगावंच लागलं. सर्व्हर काय असतो ते त्यांना काय कळणार, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगितलं: चोवीस मेंढरं वाघरीत अडकलेली होती, आणि मी न बघता जाळी काढली. त्यांनी तंबाखू मळायची थांबवली. विचारलं, “आन सांच्याला मोजली न्हाईस?”

मी म्हटलं, मोजली. एक कमी होतं, ते मला कळलं होतं.

त्यांनी हातातली तंबाखू तशीच पिशवीत परत टाकली. मला ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, “परमेश्वरला बी असंच लिव्ह. त्यानं बी मोजलंय.”

म्हणून लिहितेय. आबांचं म्हणणं तुझ्यापर्यंत पोचवलं. अजून पाच दिवस आहेत. तुझी नोकरी मला नकोय, दादा, खरंच नकोय. तू स्वतः तुझ्या साहेबांना जाऊन सांगितलंस, तर कदाचित ती वाचेलही. तू हुशार आहेस, तुझ्याशिवाय त्यांचं अडतं, असं तूच दिवाळीत सांगत होतास. चौदा तारखेच्या सकाळी अकरापर्यंत वाट बघेन.

बबिता

◆

बीड,
१४ फेब्रुवारी २०२५

दादा,

अकरापर्यंत वाट बघितली. साडेअकरापर्यंतही बघितली, कारण पोस्टमन आज उशिरा आला. त्याच्याकडे वीजबिल होतं आणि कुठलं तरी लग्नाचं आमंत्रण.

समितीत पाच माणसं होती. त्यांच्यासमोर मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. सूचनांचे कागद नव्हते, लॉग नव्हता. त्यांतल्या एकांनी विचारलंच, मेल गेला नव्हता याला पुरावा काय, मुलगी खोटं बोलत नसेल कशावरून. तेव्हा मी वीस तारखेची यादी पुढे ठेवली आणि म्हटलं, हा शेरा मी लिहिलाय, आणि लिहिताना मला माहीत होतं की तो खोटा आहे. स्वतःची नोकरी घालवून कुणी खोटं कशाला सांगेल, असं विजयसिंह साहेब म्हणाले. तो कागद त्यांना पुरला.

दिपालीची जागा वाढवून दिली. मी तिथूनच, त्यांच्यासमोर, त्या दहा आकड्यांवर फोन लावला. चुलता कारखान्याच्या गेटापाशीच होता; त्याने फडात निरोप धाडून तिला बोलावून घेईपर्यंत फोन चालूच ठेवला. ती धापा टाकत आली. मी सांगितलं, सोमवारी ये, जागा आहे. तिने विचारलं, “मेल येनार हाय का मॅडम?” मी म्हटलं, येईल, पण तू त्याची वाट बघू नकोस, निघ. मग मी तिला हेही सांगितलं की तो शेरा कुणी लिहिला होता. फोन ठेवला तिने. माफ केलं असेल असं मला वाटत नाही, आणि तिने करावं असं मी म्हणणारही नाही.

माझी नोकरी गेली. आजचा दिवस संपेपर्यंत काम करून किल्ल्या द्यायच्या होत्या.

आता तुझं. साहेब म्हणाले, तीन वर्षं दुसऱ्या कंपनीचं खातं आपण त्यांना न विचारता वापरलंय, हे त्यांना आपणहून कळवावं लागेल, उद्या अंगाशी यायला नको. पत्राचा मजकूर त्यांनी सांगितला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुमचा भाऊ आहे. मी दुसऱ्या कुणाकडून पाठवून घेतो.”

मी सांगितलं, मीच पाठवते.

तुला वाटेल, सूड घेतला. नाही घेतला. कुणी परक्या माणसाने तुझं नाव टाइप करावं, त्याला ते एक नावच वाटावं, हे मला नको होतं. परमेश्वर म्हाळू, आणि पुढे आपलं आडनाव. चुलीपुढे बसवून मला पहिलं अक्षर तूच काढायला शिकवलंस. टाइप करताना डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तुझा रागही येत होता, दोन्ही एकदमच. वडिलांचा व्यवसाय त्यात विचारलेला नव्हता, नाही तर तोही खरा लिहिला असता.

या वेळी पडद्यावर ‘पाठवले’ आलं तेव्हा मी उठले नाही. लॉग उघडून बसले. तुमच्या कंपनीच्या सर्व्हरने पत्र स्वीकारलं, अशी ओळ आली. ती दोनदा वाचली आणि मग किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

माझं हे पत्र तुला सोमवार-मंगळवारी मिळेल. ते पत्र तुझ्या साहेबांनी आत्ता उघडलंही असेल.

तुझं नाव लिहून पाठवणारी,
तुझी सख्खी बहीण
बबिता