मेलेल्याला बाप्तिस्मा नसतो

बाबा, तुम्हाला एक विचारायचं आहे, आणि ते दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही. माझी मुलगी गेल्या आठवड्यात गेली. जेमतेम महिन्याची होती. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, त्यामुळे या घरातलं तुम्हाला काहीच ठाऊक नाही. वऱ्हाडातल्या मालेगावपासून आत एका खेड्यात मी मिशनच्या शाळेत शिकवते, हेही त्याच शाळेत मास्तर आहेत. पाळकसाहेब महिन्यातून एका रविवारी वाशीमहून येतात. याच महिन्यात तिचा बाप्तिस्मा करायचा ठरला होता. पण पावसानं काळ्या मातीचा असा चिखल झाला की बैलांचे पाय वर निघेनात, आणि साहेब आलेच नाहीत. पुढच्या महिन्यात करू, असं आम्ही म्हणालो. किती सहज म्हणालो.

तुम्हाला मानमोडीच्या तापाचं साल आठवतं का? मला त्यातली एकच सकाळ नीट आठवते. मी लहान होते. माय चुलीपुढे भाकरी थापत होती, तुम्ही जेवायला बसला होतात, आणि दारात वस्तीवरची ती बाई आली. तिचा नवरा त्याच तापात गेला होता. ती आपल्या प्रार्थनेला येऊन मागं बसायची, नाताळात बाप्तिस्मा घेणार होती. तिच्या पदराखाली लेकरू होतं. तुम्ही ताटावरून उठलात, पदर बाजूला करून पाहिलंत. मग म्हणालात, "बाई, हा तं गेला."

"गेला तं गेला. तुमी पाणी टाका. त्याच्या बापाले तं भेटलं नाही, याले तरी देवाच्या घरी जाऊ द्या."

"मेलेल्याले बाप्तिस्मा नसते, बाई. तो जित्या माणसाचा हाये."

"तुमचं काय जाते, पाद्रीबावा? भरला हाये ना रांजण!"

तुम्ही मान हलवलीत. ती रांजणाकडे पाहत उभी राहिली. तुम्ही खांद्यावर कुदळ घेऊन तिच्याबरोबर गेलात, स्वतः खड्डा खणलात, प्रार्थना केलीत आणि कोपरापर्यंत माती घेऊन परत आलात. हात धुवायला तांब्या मागितलात तर माय उठलीच नाही. तवा चुलीवर करपत होता. ती म्हणाली, "जलमभर लोकायनं आपल्याले इहिरीवर चढू देलं नाही. वरून पाणी वाढतील तं प्या, नाही तं जा घरी. आन आज आपल्या दारात एका मायनं पाणी मागतलं तं तुमी नाही म्हनलं."

तुम्ही तिला उत्तर दिलं नाहीत. मला मात्र दिलंत, पुष्कळ वर्षांनी, मी पहिल्यांदा प्रभुभोजनाला बसणार होते तेव्हा. माय मनुका भिजत घालत होती, त्याच पाण्याचा आपल्याकडे द्राक्षारस व्हायचा. तुम्ही मला समोर बसवून सांगितलंत, की संस्कार म्हणजे औषध नाही आणि मंत्रही नाही. आतल्या कृपेची ती बाहेरची खूण. पाण्यानं कोणी तरत नाही, देवाला पाण्याची गरज नाही. खूण आपल्यासाठी आहे, मंडळीसाठी आहे, म्हणून ती खोटी करायची नाही. मी विचारलं, "आणि ते लेकरू?" तुम्ही म्हणालात, "ते देवाजवळच हाये, पोरी. त्यात मले शंका नाही." आणि दुसऱ्या दिवशी भाकर माझ्या हातावर ठेवताना तुम्ही मला पोरी म्हणाला नाहीत. जसं सगळ्या बायांना म्हणत होतात, तसंच मलाही "बहिणी, घे" म्हणालात. मला वाटलं, आता मला सगळं कळलं.

मला काहीच कळलेलं नव्हतं, बाबा. तिला सकाळी ताप चढला. हे बैलगाडी जुंपून मालेगावला डॉक्टरला आणायला गेले. घरात मी आणि शेजारची खाला, पिंजाऱ्याच्या घरातली म्हातारी, दोघीच. ती मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. दुपारी मुलीचं रडणं थांबलं, मग कण्हणंही थांबलं. खाला म्हणाली, "बाई, मुँह में दो बूँद पानी तो डाल इसके." मी तांब्या घेतला. तोंडात नाही, कपाळावर घातलं. तीनदा. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं. नाव काय ठेवायचं ते आमचं ठरलं होतं, तेही घेतलं. खालानं तिच्या रिवाजाप्रमाणे डोक्यावर पदर ओढून घेतला एवढंच. हे संध्याकाळी चिखलात रुतलेली गाडी रस्त्यात सोडून पायी परत आले, डॉक्टरशिवाय.

ती केव्हा गेली? पाण्याच्या आधी की नंतर? मी दुसऱ्या दिवशी खालाला विचारलं. "हौ, थी ना साँस. मेरे हाथ पे लगी," ती म्हणाली. परवा पुन्हा विचारलं, तर चिडली. "तू बारबार काहे को पूछती? मैं बोली ना थी." म्हणजे होती म्हणून म्हणते, की माझं तोंड पाहून म्हणते? जगात तिच्याशिवाय दुसरं कोणी पाहिलेलं नाही.

हे मला समजावतात की देव खुणा मोजत नाही. बोलतात ते खरं आहे, तुम्हीही तेच सांगितलं होतं. पण मग मी दोन्हीकडून सापडते. ती नुसती खूण असेल, तर त्या बाईला द्यायला तुमचं काय जात होतं? आणि खुणेपेक्षा जास्त काही असेल, तर माझी मुलगी कुठं आहे? मी मुलांना गणित शिकवायला उभी राहते आणि फळ्याकडे तोंड करूनच राहते. अंगावरचं दूध अजून थांबलेलं नाही. प्रार्थनेला बसले की शब्द येत नाहीत, माय त्या दिवशी तुम्हाला बोलली तेच कानात येतं. मला तुमचा राग येतो, आणि रागातच झोपून उठलं की तुम्हीच हवे असता. तुम्ही असता तर तुम्हाला विचारलं असतं, आणि तुम्ही पदर बाजूला करून पाहिलं असतं, आणि मग काय म्हणाला असता ते मला ऐकवलं नसतं.

रस्ता वाळला आहे. चुकलेल्या रविवारऐवजी उद्या पाळकसाहेब येणार. त्यांनी निरोप धाडला आहे, की पाळक नसताना आईनं दिलेला बाप्तिस्माही चालतो, मुलीला तो जिवंतपणी मिळाला असेल तर मंडळीपुढे तिचं नाव तसं घेऊ, आईनं तेवढं सांगावं. त्यानंतर प्रभुभोजनाची भाकर येईल आणि मला हात पुढे करावा लागेल. मी "होती जिवंत" असं सांगणार आहे. खाला म्हणते म्हणून सांगणार आहे. हे पत्र उद्या सकाळी चुलीत घालीन, यांच्या हाती पडायला नको. पण तुम्हाला सांगते. मांडीवरचं मूल हाताच्या अंतरावर होतं. पाणी घालण्याआधी तिच्या नाकाशी बोट धरून पाहता आलं असतं. श्वास नसता, तर मी तुमची मुलगी, मला थांबावं लागलं असतं. म्हणून मी पाहिलं नाही.