खिडकीकडचा अर्धा भाग

वोल्तेर्रा, ४ मे १९८७

ती. कोरिन्नाताईस,
धाकट्या ओरेस्तेचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी पोचलं. इर्मा आणि मिरेल्ला या दोघी मैत्रिणींना घेऊन तू चार दिवस येते आहेस, याचा आनंद आहे. चित्रं बघायची, पोटभर जेवायचं आणि बाजार करायचा, हा बेतही ठीक. मात्र तपशिलात तुझ्या चुका आहेत. ख्रिस्ताला क्रुसावरून उतरवतानाचं ते शिड्यांचं चित्र आता देवळात नाही, चित्रसंग्रहात आहे. आणि शिड्या लाल नाहीत. लाल आहेत ती खाली गुडघे टेकलेल्या बाईची वस्त्रं. तोरिनोला जाऊन डोळे बिघडले वाटतं तुझे.

जेवायला सशाच्या रश्श्यातल्या रुंद शेवया मी स्वतः करीन. आपल्या पावात मीठ नसतं, हे मैत्रिणींना आधीच सांगून ठेव. मागच्या वर्षी एका मिलानवाल्यानं मीठदाणी मागितली आणि मी उठून गेलो. खरेदीचं म्हणशील तर चौकातल्या दुकानांतली दगडी घुबडं आणि हत्ती घेऊ नका. ते यंत्रावर कापलेले असतात. आपला अलाबास्टर दगड पातळ कोरला की त्यातून उजेड झिरपतो. त्या हत्तींतून मागे लावलेला दिवासुद्धा दिसायचा नाही.

आता मुद्द्याचं. वरच्या हॉटेलचा मालक लांदुच्ची बाबांचा कारखाना विकत घ्यायच्या मागे लागलाय. तिथे पाहुण्यांना उंच स्टुलांवर बसवून दारूचे घोट चाखवणार म्हणे. मी त्याला सांगितलं, की या गल्लीत छिन्नीचा आवाज येणारा हा शेवटचा दरवाजा आहे आणि मी जिवंत असेपर्यंत तो वाजत राहील. पण अर्धा कारखाना तुझ्या नावावर आहे. तो तुलाही लिहील. तू सही करायची नाहीस.

माया आहे ती आटू देऊ नकोस.
तुझा
ओरेस्ते

---

तोरिनो, ११ मे १९८७

चि. ओरेस्ते यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

शिड्यांचा रंग कळला. तुझ्या चुका काढायच्या सवयीमुळे तुझं लग्न तीनदा मोडलं, हे गावात अजून कुणी विसरलं नसेल.

लांदुच्चीचं पत्र आलं. माणूस गोड लिहितो. तू मात्र सही करायची नाहीस असं फर्मान काढलंस, करशील का असं विचारलं नाहीस. बाबांची सवय बरोबर उचललीस. नवरा गेल्यापासून मी एकटी आहे, गुडघे दुखतात, तिसऱ्या मजल्यावर चढते. अर्धा कारखाना विकून तळमजल्यावर घर घेतलं तर मला कुणी नावं ठेवील का? येऊन बघेन आणि मग ठरवीन.

शेवया जरा जास्त कर. मिरेल्ला सडपातळ दिसते, पण फसू नकोस.

तब्येत सांभाळ आणि रागही जरा जपून वापर.
तुझी
ताई

---

वोल्तेर्रा, २ जून १९८७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू न जेवता दुपारच्या बसनं निघून गेलीस. शेवया मी आणि शेजारच्या सेत्तिमियाबाईंनी तीन दिवस खाल्ल्या. वाईट झाल्या नव्हत्या.

झालं ते पुन्हा लिहितो, कारण तू ते तोरिनोत चारचौघांत उलटंसुलटं सांगत असणार. दगडाची गाडी आली म्हणून मी कोपऱ्यापर्यंत गेलो. परत येतो तर तू माझ्या बाकावर, माझीच छिन्नी हातात, आणि वेलीच्या पानांच्या त्या मोठ्या पात्रावर एक पान कोरून मोकळी! महिनाभराचं काम आहे ते. मी छिन्नी काढून घेतली आणि म्हणालो, की आपल्या घरच्या बायका हात पाण्यात घालून दगड घोटतात, धुळीत घालत नाहीत. इर्मा खुदकन हसली, यात माझा काय दोष? या गावात बाप्यांनी कोरायचं आणि बायकांनी जिल्हई द्यायची, हे मी ठरवलेलं नाही. तू स्वतः लग्न होईपर्यंत तेच केलंस आणि तुझ्यासारखी जिल्हई नंतर कुणाला जमली नाही. याहून मोठं कौतुक मी कुणाचं केलेलं नाही.

राहिलं ते पान. त्याची मधली शीर टोकाशी पोचताना किंचित डावीकडे वळली आहे. बाबा ती सरळ ठेवत.

लांदुच्ची रोज दारावरून जातो आणि आत डोकावतो. मी त्याच्याकडे बघत नाही. तू काय ठरवलंस ते कळव. खोटं बोलत नाही ताई, रात्री झोप लागत नाही. तू सही केलीस तर माझ्या अर्ध्याला अर्थ उरत नाही; अर्ध्या दारातून दगड आत येत नाही.

रागावलीस तरी उत्तर टाकू नकोस.
तुझा
ओरेस्ते

---

तोरिनो, ९ जून १९८७

ओरेस्ते,
आशीर्वाद. या वेळी एकच पुरे.

मधली शीर डावीकडे वळली आहे हे दिसायला ते पान भिंगाखाली धरावं लागतं. म्हणजे धरलंस. पाठीमागून दिवाही लावून बघितला असशील. उजेड आला का रे? तू लिहिलं नाहीस, म्हणजे आला.

आणि वेलीचं पान कधी सरळ असतं का? बाबांची पानं सरळ होती कारण बाबांनी वेल बघितली नाही, स्वतःच्या बापाची पानं बघितली. मी जिल्हई द्यायला बसायचे तिथून बाबांचे दोन्ही हात दिसायचे. तुला दाराशी बसवलेलं, तुला नुसती पाठ दिसायची. तू बघून बघून शिकलास असं बारमध्ये छाती काढून सांगतोस. मग मी काय डोळे मिटून बसले होते? मला कुणी छिन्नी दिली नाही, एवढाच फरक. सासरी वीस वर्षं साबणाच्या वड्या कोरल्या, नवरा म्हणायचा की या बाईच्या घरात धड अंघोळ होत नाही.

लांदुच्चीला काल पत्र टाकलं. सही केली नाही. तुझ्यासाठी नाही केली असं समजू नकोस. माझा अर्धा भाग मला हवा आहे. सप्टेंबरात मी येते आहे, राहायला आणि कोरायला. बाबांच्या मृत्युपत्रात अर्धा-अर्धा लिहिलंय, कुठला कुणाचा ते लिहिलेलं नाही. खिडकीकडचा मी घेते. तुझी परवानगी मागत नाहीये, कळवते आहे. गावातल्या म्हाताऱ्यांना हसायचं असेल तर हसू देत. संग्रहालयाची पुस्तकं घेऊन तू बारमध्ये बसायचास तेव्हा तुलाही हसले होते, आणि तेव्हा तू उठून गेला नव्हतास.

गुडघ्यांचं म्हणशील तर कारखाना तळमजल्यावरच आहे.

भांडण चालू ठेव, माया तर आहेच.
ताई

---

वोल्तेर्रा, २० जून १९८७

ती. कोरिन्नाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचा मला फार राग आला, म्हणून उत्तराला उशीर झाला. खिडकीकडचा भाग माझा आहे, तिथे तीस वर्षं माझा बाक आहे. काल तो मी दाराकडे सरकवला. फरशीवर चार खड्डे पडलेत, ते बुजवायचे आहेत.

लांदुच्ची मोजपट्टी घेऊन आला होता, तुझं पत्र बहुधा त्याला तोवर मिळालं नसावं. मी त्याला सांगितलं, की मोज, पण आत दोन बाक बसतात का ते मोज. त्याला कळेना. दुसऱ्या बाकावर कोण, म्हणाला. माझी थोरली बहीण, म्हटलं. तो हसून म्हणाला, की मग पाहुण्यांना फोटो काढायला बरं होईल. मी दार लावून घेतलं. मोजपट्टी आतच राहिली, ती परत देणार नाही.

बारमध्ये बातमी माझ्याआधी पोचली होती. ओरेस्तेनं बाईला छिन्नी दिली, आता मांजरालाही देईल, असं एकजण मोठ्यानं बोलला. मी कॉफी संपवली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की छिन्नी मी दिली नाही, तिनं घेतली. आणि हसायचं असेल त्यानं सप्टेंबरात कारखान्याच्या दारात उभं राहून तिच्या तोंडावर हसावं. दारात यायला कुणी नाव नोंदवलं नाही.

आता माझ्या अटी. माझ्या हत्यारांना हात लावायचा नाही. तुझी वेगळी घडवून घेतो. कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीनं गिरवून पाठव, बोटं पसरून नको, छिन्नी धरतेस तशी. आणि शीर डावीकडे वळते ते मला अजूनही पटलेलं नाही. उरलेली पानं मी वळवली आहेत ती फक्त एकसारखी दिसावीत म्हणून.

पात्र कोरून झालंय. मालाची गाडी ऑक्टोबरात न्यायला येईल. जिल्हई द्यायला मात्र गावात आता कुणी नाही, आणि तू येणार ती कोरायला. तेव्हा मीच घासायचा प्युमिस दगड आणि पाणी घेऊन बसलो. एका कडेला ओरखडे पडलेत, दुसरी दुधाळ झाली. पाणी किती, कापड कुठलं, हात कुठे थांबवायचा, काही कळत नाही. पत्रात लिहून पाठवू नकोस, मला ते लिहिलेलं समजणार नाही. ये आणि माझा हात धरून दाखव.

सगळी भांडणं राखून, तुझाच धाकटा
ओरेस्ते