कानशिलावरचे केस

राजारामपुरी, कोल्हापूर
१६ नोव्हेंबर २००८

चि. प्रसेनजीत यास,

सप्रेम जयभीम. इकडं सगळं ठीक आहे. आई बरी आहे, चष्मा तेवढा बदललाय.

सोबतचं फोटोंचं पुस्तक मला किती पडलं ते आधी सांगतो. कागद आपल्या फोटोच्या दुकानातला, छपाई घरची, ते धरत नाही. पण एक अख्खा रविवार गेला, पुतणी तुझी रुसली, आणि माझ्या कानशिलावरचे थोडे केस गेले. केसांचं पुढं येईलच.

चुलत्यांच्या सूरजचं लग्न गावी, गडमुडशिंगीत आपल्याच दारात झालं. मनालीनं नव्या मोबाईलवर फोटो काढले. हल्ली कॉम्प्युटरवर असं सॉफ्टवेअर आलंय, की चौकटीत फोटो ओढून सोडला की पान तयार. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही फक्त बघा." मी कसला नुसता बघतोय! तिच्या सगळ्या चौकटी मोडल्या.

मोबाईलचा फोटो पानभर मोठा केला की त्याच्या कडा विरघळतात, बघ. मांडवाचा पिवळा रंग आईच्या पदरात उतरलाय, पदर मागच्या उसात शिरलाय. आपलं घर पहाटेच्या धुक्यात तरंगतंय असं वाटतं. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नाही. छपाईच्या मशीनमधून एकेक माणूस हळूहळू बाहेर येत होतं, आधी केस, मग डोळे, जणू झोपेतून उठून दारात यावं. मला वाटलं, आता तूही येशील.

आलासच की. म्हणजे मी आणला. लग्नाला न आलेला पावणा फोटोत उभा करणं हा माझा हातखंडा, तुला ठाऊकच आहे. रुसलेले मेहुणे, परदेशातले जावई, सगळे माझ्या दुकानात लग्नाला येऊन गेलेत. दोन फोटो जोडलेला माझा सांधा जन्मदात्या आईलाही दिसत नाही, असं मी गिऱ्हाइकाला छाती ठोकून सांगतो. तुझा फोटो मात्र घरात एकच, कॉलेजातला. पस्तिशीचा माणूस पोरगा कसा दिसेल? म्हणून माझ्याच फोटोतले कानशिलावरचे पांढरे केस उचलून तुला लावले. आईच्या मागं उभा केला. तुझ्या वहिनीनं बघितलं आणि पदर डोळ्याला लावला.

आता चष्म्याचं. वर लिहिलं ते अर्धंच. आईला काचबिंदू आहे. एक डोळा गेला. दुसऱ्यानं नळीतून बघावं तेवढंच दिसतं, आणि तेही किती दिवस राहील, डॉक्टर सांगत नाहीत. फोटो डोळ्याजवळ धरून ती सरकवत बघते. कुणाचा कान, कुणाची बांगडी, कुणाची हनुवटी. अख्खं माणूस तिला दिसतच नाही.

तशीच ती तुझ्या कानशिलावर आली आणि थांबली.

"बाळ्या, ही केसं तुझी हाईत."

"न्हाय गं. प्रसेनच हाय त्यो."

"दर आयतवारी तुझ्या डोईला त्याल कोण लावतंय? मला शिकवतोस व्हय? काढ त्येला तितनं."

"ऱ्हाऊ दे की. चांगला दिसतोय."

"आल्यावर हुबा कर. ह्यो बघूनच माझं मन भरलं, तर त्यो कशाला ईल?"

तिनं पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

माझे कान कसे आहेत ते तू जाणतोस. दिवाळीत फोनवर "सुट्टी नाही" म्हणालास, तेव्हा मागं पाळण्याची कडी कुरकुरत होती. मी विचारलं नाही. आईला सांगितलंही नाही, ते तू सांगायचं. लग्न न कळवता केलंस, त्यावरून ती आता काही बोलत नाही. फक्त दारातल्या गाडीचा आवाज ऐकत बसते. थंडी सरायच्या आत ये. सूनबाईला आण, बाळाला आण. बाळाला तिच्या डोळ्याजवळ धरावं लागेल, एवढंच.

तिच्यासाठी पुस्तक पुन्हा छापलं. त्यात तिच्या मागं नुसता मांडव आहे. तुला पाठवलंय ते आईनं परत केलेलं.

तुझा दादा,
बाळासो